बत्तीस बोरचं छोटं पिस्तूल, आठ महिन्यांनी: स्लाइडचं नेमकं दुखणं

आधी निकाल सांगतो. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, जड आहे, आठ महिन्यांत ती फारशी हलकी झालेली नाही, आणि त्यातला निम्माही दोष पिस्तुलाचा नाही. नेम, चाप, मॅगझिन यांबद्दल तक्रार नाही, म्हणून पुढचं सगळं स्लाइडवरच.

बारा बोर किंवा रिव्हॉल्व्हर वापरलेला माणूस पिस्तुलाकडे आला की पहिल्यांदा इथेच अडतो. नऊ एमएमचं थोराड पिस्तूल सहज ओढलं जातं, मग हे तळहाताएवढं का रुसतं? नऊ एमएममध्ये बहुधा बार होताना नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात आणि दाब ओसरल्यावर सुटतात. तिथे स्प्रिंगला मुख्यतः स्लाइड परत आणायची असते. बत्तीसच्या छोट्या पिस्तुलांत हे कुलूपच नसतं. १९२९ च्या वॉल्थर पीपीतही नव्हतं. ७१ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत टरफल फार मागे सरकू द्यायचं नाही, हे काम स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग या दोघांवरच. स्लाइड लहान म्हणजे हलकी, म्हणून स्प्रिंग कडक. त्यात मागच्या खाचा बारीक आणि धरायला जागा दोन बोटांची. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की घामेजल्या चिमटीतून स्लाइड निसटते ती त्यामुळेच.

म्हणून चिमटीने ओढायचं सोडा. मॅगझिन काढा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. पिस्तूल छातीजवळ आणा. डावा तळवा स्लाइडवर वरून ठेवा, चार बोटं एका बाजूच्या खाचांवर आणि तळव्याची गादी दुसऱ्या बाजूला. टरफल बाहेर पडायची खिडकी झाकू नका. आता डावा हात जागेवर घट्ट ठेवून उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. ओढण्यापेक्षा ढकलण्यात खांद्याची ताकद लागते, मनगटाची नाही. स्लाइड पूर्ण मागे गेली की एकदम सोडून द्या. भरलेलं मॅगझिन असताना ती हाताने हळूहळू पुढे नेली तर शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अडते, काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) पूर्ण बसत नाही आणि लोक म्हणतात, पिस्तूल जॅम होतंय.

या पकडीत एक धोका आहे. जोर लावताना नळीचं तोंड आपसूक डावीकडे वळतं, म्हणजे रेंजवर शेजारच्या लेनकडे. वळायचंच असेल तर अंगाने वळा, पिस्तूल समोरच राहू द्या.

घोडा (काडतूस उडवण्यासाठी ठोका देणारा भाग) बाहेर असलेल्या पिस्तुलात सुरुवातीची ओढ सगळ्यांत जड असते, कारण तेवढ्या अंतरात स्लाइडच घोडा मागे पाडते. चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी खात्री करून अंगठ्याने घोडा आधी चढवला की फरक लगेच जाणवतो. सेफ्टीही पाहा. काही पिस्तुलांत सेफ्टी लावली की स्लाइडच अडकते, काहींत सरकते. आपलं कोणतं, हे माहीत नसताना जोर लावत बसू नये.

आता खरा मुद्दा: जडपणा स्प्रिंगचा की घासण्याचा? स्प्रिंगचा जोर मागे जाताना सलग वाढत जातो. घासणं मात्र एका ठरावीक जागी खरखरतं. पिस्तूल उघडून स्प्रिंग काढा आणि नुसती स्लाइड फ्रेमवर (मुठीसकटच्या खालच्या सांगाड्यावर) चढवून तिरकी धरा (ज्या रचनेत हे जमतं तिथे). ती स्वतःच्या वजनाने घसरली पाहिजे. अडली तर रेल्स, म्हणजे स्लाइड ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या, पाहा.

आपल्याकडे रेल्समध्ये काय सापडतं ते सांगतो. जिनिंगवाल्यांच्या पिस्तुलात तेलाला चिकटलेली कापसाची तूस. शेतावरच्यांकडे काळ्या मातीची बारीक धूळ. आणि दसऱ्यानंतर सगळ्यांकडेच हळदकुंकू! पूजा जरूर करा, पण म्यानावर किंवा डबीवर. पिस्तुलावर ओलं कुंकू लावलंच तर त्याच रात्री पुसा. खोबरेल तेल तर लावूच नका. ते चोवीस अंशांच्या आसपास थिजतं आणि परभणीच्या डिसेंबरात स्लाइड मेणात रुतल्यासारखी चालते. शिलाई मशीनचं किंवा बंदुकीचं पातळ तेल, प्रत्येक रेलला एक-दोन थेंब, बाकी कोरड्या फडक्याने पुसून. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र ठाण्यात जमा करावं लागलं तर जमा करण्याआधी आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवा. चामड्याच्या म्यानात देऊ नका, चामडं ओल धरतं. परत मिळाल्यावर आधी उघडून पुसा, मगच स्लाइड ओढून पाहा.

स्प्रिंगचा वेढा कापून हलकी करायचा सल्ला देणारे भेटतात. ऐकू नका. स्लाइड लवकर उघडते, दाब उतरायच्या आत टरफल मागे येतं, ते फुगतं किंवा फाटतं, आणि फ्रेमला ठोके बसतात ते वेगळेच. स्प्रिंग बदलायची तर परवानाधारक कारागिराकडून आणि मूळ मापाचीच. स्वतः काढताना आधी मोबाइलवर फोटो काढा. काही स्प्रिंगांची दोन टोकं सारखी नसतात, उलटी बसली की स्लाइड अर्ध्यात अडते.

भरताना आणखी एक. बत्तीसच्या काडतुसाची कड किंचित बाहेर असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली तर स्लाइड वरून काडतूस ढकलूच शकत नाही, मग हाताने कितीही झटके मारा. मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकवून बसवा आणि वरचं खालच्याच्या पुढे आहे ना, ते पाहा.

बोटांत सांधेदुखी असलेल्यांनी आणि ज्यांना वरच्या पकडीनेही स्लाइड पूर्ण मागे नेता येत नाही त्यांनी रिव्हॉल्व्हर घ्यावं. तिथे ओढायला स्लाइडच नाही. पिस्तूलच हवं असेल तर दुकानात पैसे मोजण्याआधी ते रिकामं असल्याची खात्री करून दहा वेळा स्लाइड ओढा, सलग. पाचव्यापासून हात सांगतो.