क्विस्लिंगच्या वाड्यातील नावांची खोली : ऑस्लोचे व्हिला ग्रांडे

ऑस्लोच्या पश्चिमेस फ्योर्डमध्ये शिरलेल्या बिग्डॉय या द्वीपकल्पावर पर्यटक जातात ते बहुधा लोकजीवन संग्रहालय किंवा ध्रुवीय मोहिमांचे ‘फ्राम’ जहाज पाहण्यासाठी. त्याच परिसरात, झाडांच्या आड, व्हिला ग्रांडे ही दगडी, किल्ल्यासारखी भासणारी वास्तू आहे. १९४१ च्या अखेरीपासून १९४५ च्या मे महिन्यापर्यंत व्हिडकुन क्विस्लिंग, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन आक्रमकांशी हातमिळवणी करणारा नॉर्वेचा नेता, येथे राहत होता, आणि त्याने या घराचे नाव ‘गिम्ले’ असे ठेवले होते. नॉर्स पुराणकथांनुसार जगाच्या प्रलयानंतर पुण्यवान लोक जेथे वास करतात ते हे स्थान. आज याच घरात नॉर्वेचे होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) आणि अल्पसंख्याक अभ्यास केंद्र असून त्याचे कायमस्वरूपी प्रदर्शन सर्वांना पाहता येते. ऑस्लोला जाणाऱ्या मराठी वाचकाने येथे किमान अर्धा दिवस राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आदल्या दिवशी मी एका स्थानिक आयोजकाची, युद्धकालीन ऑस्लो दाखवणारी पायी सहल पैसे भरून केली होती. तिने माझी निराशा केली, कारण दोन तास क्विस्लिंग या एकाच माणसाच्या विक्षिप्तपणाचे किस्से ऐकवले गेले आणि त्याचे सरकार कसे चालले याबद्दल जवळजवळ काहीच सांगितले गेले नाही. फितुरी म्हटली की आपल्या ओठांवर सूर्याजी पिसाळ हे नाव येते, आणि एकदा नाव ठरले की बाकीच्यांची चौकशी थांबते. युरोपात क्विस्लिंगचे तसेच झाले. जर्मन आक्रमणाला पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, तोच १९ एप्रिल १९४० रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ने त्याचे आडनाव देशद्रोह्यांसाठी सामान्यनाम म्हणून वापरले. व्हिला ग्रांडेतील प्रदर्शनाचा मोठेपणा मला असा वाटला, की ते त्याच्या घरात असूनही त्याला केंद्रस्थानी बसवत नाही.

मात्र जाण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका माहीत असावी. क्विस्लिंग हा लष्करी अधिकारी होता, १९३१ ते १९३३ या काळात तो संरक्षणमंत्री होता, आणि १९३३ मध्ये त्याने ‘नास्योनाल सामलिंग’ हा पक्ष काढला. त्या वर्षीच्या निवडणुकीत पक्षाला जेमतेम दोन टक्के मते मिळाली आणि संसदेत एकही जागा मिळाली नाही. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा उतरल्या, तेव्हा ऑस्कार्सबोर्गच्या किल्ल्यावरून झालेल्या माऱ्यात ‘ब्ल्यूशर’ ही युद्धनौका बुडाल्यामुळे राजे सातवे होकोन आणि मंत्रिमंडळ यांना राजधानीतून निसटण्याइतका वेळ मिळाला. त्याच संध्याकाळी क्विस्लिंगने नभोवाणीवरून स्वतःला पंतप्रधान घोषित केले. राजाने त्याला मान्यता देण्यास नकार दिला आणि जर्मनांनीही सहा दिवसांत त्याला बाजूला केले. पुढे खरी सत्ता हिटलरने नेमलेल्या योझेफ टेरबोफेनच्या हाती राहिली. १ फेब्रुवारी १९४२ रोजी आकर्सहूस किल्ल्यात समारंभ करून क्विस्लिंगला ‘मंत्री-अध्यक्ष’ केले गेले, तेव्हाही दोऱ्या टेरबोफेनच्याच हातात होत्या. कळसूत्री सरकार हा शब्द येथे अक्षरशः लागू पडतो, पण बाहुलीच्या हातूनही माणसे मरतात, हे या घरात कळते.

इमारतीच्या दर्शनी भागावर आर्नोल्ड ड्रेब्लाट या कलावंताची प्रकाशमान कलाकृती आहे, आणि तिचे शीर्षक ‘निरागस प्रश्न’ असे आहे. आत जाण्यापूर्वी तिच्यापुढे थांबावे. १९४२ च्या प्रारंभी नॉर्वेतील ज्यूंच्या ओळखपत्रांवर ‘जे’ अक्षराचा शिक्का मारण्याचा आदेश निघाला आणि प्रत्येकाकडून एक छापील प्रश्नावली तीन प्रतींत भरून घेतली गेली. नाव काय, व्यवसाय कोणता, नॉर्वेत कधी आलात, असे हे प्रश्न होते. कोणत्याही कचेरीत विचारले जावेत इतके ते साधे आहेत, म्हणूनच अंगावर काटा येतो. मार्च १९४२ मध्ये क्विस्लिंगने राज्यघटनेतील ज्यूंना देशात प्रवेशबंदी करणारे कलम पुन्हा लागू केले. हे कलम १८५१ मध्ये रद्द झाले होते आणि त्यासाठी कवी हेन्रिक वेर्गेलान याने मरेपर्यंत झुंज दिली होती.

२६ ऑक्टोबर १९४२ रोजी ज्यू पुरुषांची धरपकड झाली, आणि त्यांची मालमत्ता जप्त करणारा कायदाही त्याच दिवशीचा आहे. बरोबर एक महिन्याने, २६ नोव्हेंबरच्या पहाटे, नॉर्वेच्याच पोलिसांनी सुमारे १०० टॅक्सी ताब्यात घेऊन बायका, मुले आणि वृद्धांना घराघरांतून उचलले आणि ऑस्लोच्या धक्क्यावर आणले. तेथून ‘डोनाउ’ हे जहाज ५०० हून अधिक ज्यूंना घेऊन निघाले, आणि त्यांचा प्रवास आउश्वित्स या नाझींच्या संहारछावणीत संपला. नॉर्वेतून एकूण ७७३ ज्यू हद्दपार झाले, आणि त्यांपैकी ४० हूनही कमी जण वाचले. त्या पहाटेचे नियोजन करणारा पोलीस अधिकारी क्नूट रोड युद्धानंतर दोनदा निर्दोष सुटला, ही गोष्ट मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही. प्रदर्शनातील स्मृतिकक्षात मारल्या गेलेल्यांची नावे आहेत. तेथे मी बराच वेळ उभा राहिलो. एकेका आडनावाखाली चार-चार, पाच-पाच नावे दिसली की आकडा हा आकडा राहत नाही, घर होतो.

हे केंद्र उभे राहिले त्यामागची हकीकतही लक्षात घेण्याजोगी आहे. जप्त मालमत्तेचे नेमके काय झाले, याची सरकारी चौकशी १९९० च्या दशकात झाली, आणि अखेर १९९९ मध्ये संसदेने ४५ कोटी क्रोनरची भरपाई मंजूर केली. त्यातील ४ कोटी क्रोनरमधून या केंद्राची पायाभरणी झाली. पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी राज्याच्या वतीने क्षमा मागितली ती २७ जानेवारी २०१२ रोजी, म्हणजे ‘डोनाउ’ निघाल्याला ६९ वर्षे उलटल्यावर.

क्विस्लिंगच्या राजवटीला झालेल्या विरोधाचा सविस्तर इतिहास पाहायचा असेल तर वेगळी वाट धरावी लागेल, कारण व्हिला ग्रांडेचा विषय तो नाही. त्यासाठी आकर्सहूस किल्ल्यातील प्रतिकार संग्रहालय आहे. १९४२ मध्ये शिक्षकांना सरकारी संघटनेत सक्तीने घेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा देशातील बहुसंख्य शिक्षकांनी लेखी नकार कळवला. सुमारे १,१०० जणांना अटक झाली आणि शेकडो जणांना उत्तरेकडील किर्केनेसला सक्तमजुरीसाठी पाठवले गेले, तरी ती संघटना उभी राहिली नाही. मी स्वतः शिक्षकाच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण या प्रसंगाने मला सर्वांत जास्त बळ दिले. ज्या किल्ल्यात क्विस्लिंगची पदग्रहणाची मिरवणूक झाली, त्याच किल्ल्यात २४ ऑक्टोबर १९४५ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

माझा सल्ला असा की, पहिल्या दिवशी हे प्रतिकार संग्रहालय पाहावे, दुसऱ्या दिवशी सकाळी बिग्डॉयला जावे आणि परतताना किल्ल्याखालच्या धक्क्यावर उतरावे. ‘डोनाउ’ जेथून सुटले त्या परिसरात, समुद्राकडे तोंड करून, अँटनी गॉर्मली यांनी घडवलेल्या आठ रिकाम्या खुर्च्या ठेवलेल्या आहेत. स्मृतिकक्षातील नावे डोळ्यांसमोर ताजी असताना त्या पाहाव्यात.