लिंक पाठवायची की दारोदार जायचं?

वॉर्डातल्या रस्तारुंदीवर लोकांचं मत घ्यायचंय, हाताशी दहा-बारा कार्यकर्ते आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्मची लिंक टाकावी, की मतदार यादीतून नावं काढून घरोघरी जावं? मी दोन्ही केलंय. ‘किती टक्के लोकांना हवंय’ हे सांगायचं असेल तर घरोघरीच जा.

फॉर्मला खर्च नाही, दोन दिवसांत हजार उत्तरं जमतात. पण ती कोणाची? जे ग्रुपवर आहेत त्यांची, आणि त्यातही ज्यांना विषय झोंबलाय त्यांची. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने फोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांवरून सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या, त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. याद्या सुखवस्तूंच्या होत्या हे खरंच; पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की उत्तर न पाठवणाऱ्यांमुळेही मोठा घोळ झाला होता. लिंक उघडून न भरणारे आपले शेजारी म्हणजे तोच घोळ.

घरोघरीची पद्धत सोपी, पण नेटाने पाळावी लागते. यादीत ६००० नावं आहेत, ४०० हवीत, म्हणजे दर पंधरावं नाव. १ ते १५ मधली चिठ्ठी उचला. ७ आली तर ७, २२, ३७ अशी नावं घ्या. सगळे भेटले तर टक्केवारी साधारण ५ अंकांनी इकडेतिकडे होऊ शकते, त्याहून फारशी नाही.

गाडं अडतं ते दारात. सकाळी अकराला दार उघडणारी बाई म्हणते, “हे संध्याकाळी येतील, त्यांनाच विचारा.” यादीतून नाव तिचंच निघालेलं असतं. “काकू, तुमचंच मत हवंय,” म्हणून तिथेच थांबायचं. ती नसेल तर रविवारी परत जायचं, पण तिच्याऐवजी नाक्यावरचा माणूस पकडायचा नाही. एक उणीव मात्र राहतेच: भाडेकरूंची नावं बऱ्याचदा गावच्या यादीत असतात. त्यांची वेगळी मोजणी करा.

प्रश्नाचे शब्द चुकले तर दोन्ही पद्धती वाया. “शहराच्या विकासासाठी रस्ता रुंद व्हावा का?” याला कोण नाही म्हणेल? “झाडांची कत्तल करून रस्ता रुंद करावा का?” हेही तितकंच वाईट. १९४० च्या सुमारास अमेरिकेत लोकशाहीविरोधी भाषणांबद्दल दोन तऱ्हेने विचारलं. ‘परवानगी द्यावी का?’ याला ६२ टक्के ‘नको’ म्हणाले, पण ‘बंदी घालावी का?’ याला ‘हो’ म्हणणारे ४६ टक्केच निघाले. तेव्हा रस्ता किती फूट वाढेल, किती झाडं जातील हे सांगा आणि मग “रुंदी करावी की आहे तसाच ठेवावा?” एवढंच विचारा. आधी दहा जणांना वाचून दाखवा आणि काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा.

कुठे खड्डा आहे, कुठला दिवा बंद आहे, हे गोळा करायला फॉर्मच बरा. आणखी एका बाबतीत तो सरस आहे: नगरसेवकाच्या कामाबद्दल अनोळखी माणसासमोर, त्यातून सासूबाई शेजारी बसलेल्या असताना, कोणी खरं बोलत नाही. असा प्रश्न घरोघरी विचारायचाच असेल तर छापील चिठ्ठी द्या. खूण करून, घडी घालून त्यांनी ती स्वतःच्या हाताने डब्यात टाकावी.