कणकेचा गोळा की चिकणमाती?

बालवाडीत हातकामाला काय घ्यावं, असं एका नव्या ताईंनी विचारलं.

खर्च दोन्हींचा कमीच. कणकेला 2 वाट्या पीठ, 1 वाटी मीठ, लागेल तसं पाणी; पण काही दिवसांत ती चिकट होते, टाकावी लागते. माती वाळली तरी भिजवली की पुन्हा तयार.

आवराआवर मात्र मातीची जास्त. वाळलेली धूळ झाडू नका, ओल्या फडक्यानेच पुसा. ती श्वासात जाणं वाईट. कणकेत मीठ भरपूर, म्हणून सगळं तोंडात घालणाऱ्या मुलांवर नजर हवीच.

माती घट्ट असते, त्यामुळे बोटांचा खरा व्यायाम तिच्यातच होतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

3 वर्षांची मुलं, वेळ थोडा असेल तर कणीक. 5-6 वर्षांची मुलं आणि हात धुवायची सोय जवळ असेल तर मातीच.