गाजावाजा आधी की समजावणी आधी? क्रिप्टो प्रकल्पांच्या कंटेंट मार्केटिंगचा तुलनात्मक आढावा

नवा ब्लॉकचेन प्रकल्प बाजारात उतरायच्या तयारीत असतो, तेव्हा मार्केटिंगच्या बैठकीत साधारण दोन याद्या टेबलावर येतात. पहिलीत इन्फ्लुएन्सरची नावं, एअरड्रॉप (प्रकल्पाची नाणी म्हणजे टोकन फुकट वाटणं), भागीदारीच्या घोषणा, दर आठवड्याला संस्थापकाचं लाइव्ह. दुसरीत डॉक्युमेंटेशन, नवख्याला कळेल असं स्पष्टीकरण, बदलांच्या नोंदी, जोखमीचं पान. दोन्ही एकदम करायला ना पैसा असतो ना माणसं. मग बहुतेक जण पहिली यादी उचलतात, कारण तिचे आकडे आठवड्याभरात हलताना दिसतात.

तुम्ही हीच निवड करायला बसला असाल तर एक कसोटी सोबत ठेवा. क्रिप्टोतला मजकूर दोनदा वाचला जातो. एकदा तो प्रसिद्ध होतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा भाव कोसळतो, दोन ब्लॉकचेन जोडणारा ब्रिज लुटला जातो किंवा पैसे काढणं बंद होतं तेव्हा. त्या दिवशी वाचणाऱ्यांत ग्राहक असतात, पत्रकार असतात, वकील आणि नियामकही असतात. चुकीच्या पत्त्यावर गेलेला व्यवहार फोन करून परत फिरवता येत नाही, आणि सीड फ्रेज (वॉलेट उघडणारी गुप्त शब्दमाला) हरवली तर ती पुन्हा मिळवून देणारं कुणी नसतं. इथे वाचकाचा गैरसमज झाला की त्याचे पैसे जातात. म्हणून खालची प्रत्येक जोडी मी त्या दुसऱ्या वाचनाच्या नजरेने तपासली आहे.

प्रसिद्ध चेहरा की व्हाइटपेपर

किम कार्दाशियन यांनी इन्स्टाग्रामवर इथेरियममॅक्स या टोकनबद्दल पोस्ट टाकली. त्यासाठी त्यांना 2,50,000 डॉलर मिळाले होते, पण पैसे घेतल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं. ऑक्टोबर 2022मध्ये अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने, एसईसीने, ते प्रकरण 12.6 लाख डॉलरवर मिटवलं. त्याआधी 2018मध्ये मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर आणि डीजे खालेद यांच्यावर सेंट्रा टेकच्या टोकनविक्रीच्या जाहिरातीवरून अशीच कारवाई झाली होती. दोन्ही वेळा चेहऱ्याची बातमी झाली. टोकन नेमकं काय करतं, हे त्या पोस्टवरून कळत नव्हतंच.

याच्या शेजारी बिटकॉइनचा व्हाइटपेपर, म्हणजे रचना समजावणारा मूळ दस्तऐवज, ठेवा. 31 ऑक्टोबर 2008 रोजी सातोशी नाकामोतो या नावाने आलेली ती 9 पानं एकाच पैशाचा दोनदा खर्च कसा रोखायचा, या प्रश्नापासून सुरू होतात. कॉइनचा भाव कुठे जाईल याबद्दल त्यात अवाक्षर नाही. शेवटाकडे तर हल्लेखोराला खरी साखळी (ब्लॉकचेन) मागे टाकता येण्याची शक्यता किती, याचं गणितच मांडलं आहे. स्वतःच्या रचनेला धोका कुठून आहे हे लेखकानेच आकड्यांत लिहून ठेवलं, आणि ते आजही वाचलं जातं. व्हाइटपेपर म्हणजे नक्षीदार माहितीपत्रक, असं समजणाऱ्या प्रकल्पांनी निदान हे शेवटचं गणित पाहावं.

मग इन्फ्लुएन्सर पूर्ण वर्ज्य का? तसं माझं म्हणणं नाही. वॉलेट किंवा गेम अशा रोजच्या वापराच्या गोष्टीसाठी, स्वतः वापरून दाखवणारा आणि पैसे घेतल्याचं सुरुवातीलाच सांगणारा माणूस उपयोगी पडतो. टोकनच्या खरेदीसाठी मात्र हा रस्ता दिवसेंदिवस अरुंद होतोय. सिंगापूरच्या नियामकाने जानेवारी 2022मध्येच सर्वसामान्यांसाठी इन्फ्लुएन्सरकरवी प्रचार करू नका, असं सेवा देणाऱ्यांना बजावलं. ब्रिटनमध्ये 8 ऑक्टोबर 2023पासून ठळक जोखीम-इशारा, पहिल्यांदा गुंतवणाऱ्याला 24 तासांचा विचाराचा अवधी आणि 'मित्राला आणा, बोनस मिळवा' यावर बंदी लागू आहे. मोहीम आखून झाल्यावर हे नियम चाळणं, ही सगळ्यात महागात पडणारी आणि सगळ्यात सहज टाळता येणारी चूक आहे.

परताव्याचा आकडा की परताव्याचा उगम

या जोडीपाशी मला जास्त थांबायचं आहे, कारण सामान्य माणसाचं सर्वांत मोठं नुकसान इथे झालं.

आकडा पुढे करणारा मजकूर लिहायला सोपा आणि पसरायला वेगवान. टेरा साखळीवरच्या अँकर या ठेव-कर्ज सेवेने, डॉलरच्या भावाशी बांधलेलं यूएसटी हे नाणं ठेवणाऱ्यांना वर्षाला जवळजवळ 20 टक्के देऊ केले होते. हे व्याज कर्ज घेणाऱ्यांकडून पुरेसं येत नव्हतं, तूट राखीव निधीतून भरली जात होती. ज्या वाक्यात 20 टक्के होते त्याच वाक्यात ही गोष्ट असायला हवी होती. मे 2022मध्ये यूएसटीचा डॉलरशी असलेला सांधा निखळला आणि काही दिवसांत सगळं संपलं.

सेल्सियस या क्रिप्टो ठेवींवर व्याज देणाऱ्या कंपनीची गोष्ट कंटेंटचं काम करणाऱ्या प्रत्येकाने नीट वाचावी अशी आहे. संस्थापक अॅलेक्स मशिन्स्की दर आठवड्याला लाइव्ह येऊन प्रश्नांना उत्तरं देत. दिवाळखोरी न्यायालयाने नेमलेल्या परीक्षकाच्या जानेवारी 2023च्या अहवालात नोंद आहे की, लाइव्ह झाल्यावर कर्मचारी रेकॉर्डिंगमधली चुकीची विधानं कापत. पण ज्यांनी ती थेट ऐकली होती, त्यांना दुरुस्ती कळवली जात नव्हती. आत कुणाला तरी चूक दिसत होती, ती पुसण्याची व्यवस्थाही होती, फक्त वाचक-प्रेक्षकापर्यंत ती पोहोचवण्याची नव्हती. 12 जून 2022 रोजी सेल्सियसने पैसे काढणं थांबवलं आणि मे 2025मध्ये मशिन्स्की यांना 12 वर्षांची शिक्षा झाली. लाइव्ह हे माध्यम वाईट नाही. पण ज्या लाइव्हनंतर लेखी दुरुस्ती त्याच जागी, त्याच लोकांसमोर टाकण्याची तयारी नाही, ते सुरू करू नका.

आता उलट बाजू. इथेरियम या ब्लॉकचेनने 15 सप्टेंबर 2022 रोजी मायनिंग (यंत्रांच्या गणनेने व्यवहार पडताळणं) सोडून स्टेकिंगवर (नाणी तारण ठेवून पडताळणं) झेप घेतली, ज्याला 'मर्ज' म्हणतात. वर्षानुवर्षं वाट पाहिलेली घटना. हवा तितका गाजावाजा करता आला असता. विजेचा वापर सुमारे 99.95 टक्क्यांनी घटेल, हे त्यांनी ठळकपणे सांगितलंच. पण सोबत गैरसमजांची यादीही छापली: गॅस फी (व्यवहाराचं शुल्क) यामुळे कमी होणार नाही, व्यवहार फारसे वेगवान होणार नाहीत, स्टेक केलेलं इथर (इथेरियमचं नाणं) मर्ज झाल्याबरोबर काढता येणार नाही. ते काढण्याची सोय खरोखरच पुढच्या अपग्रेडने, 12 एप्रिल 2023 रोजी झाली. मर्जच्या आधी, जानेवारी 2022मध्ये, त्यांनी 'इथ 2' हे रुळलेलं नावही सोडून दिलं होतं. नवं वेगळं नाणं येतंय असं लोकांना वाटत होतं आणि 'तुमचं इथर बदलून घ्या' म्हणणाऱ्या ठगांचं त्यामुळे फावत होतं. इतकं गाजलेलं नाव वाचकाच्या सुरक्षेसाठी टाकून देणं, हा माझ्या लेखी या क्षेत्रातला सर्वांत समंजस संपादकीय निर्णय आहे.

एका शब्दानेही मोठा घोळ होतो. ग्राहकांचे डॉलर सरकारी ठेवविम्याने सुरक्षित आहेत असं भासवल्याबद्दल जुलै 2022मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह आणि ठेवविमा संस्था एफडीआयसीने व्हॉयेजर या क्रिप्टो कंपनीला असा प्रचार थांबवण्याचं पत्र धाडलं. विमा होता तो बँकेतल्या ठेवीला; व्हॉयेजर बुडाली तर ग्राहकाला त्याचं कवच नव्हतं. 'सुरक्षित', 'हमी', 'विमा', 'ठेव', 'बचत खातं' हे बँकेतून उसने आणलेले शब्द मजकुरात दिसले की लाल शाईने खूण करा आणि लिहिणाऱ्याला विचारा: कुणाची हमी, कशावर?

भागीदारीची घोषणा की चालू असलेलं काम

'अमुक मोठ्या कंपनीशी हातमिळवणी' ही ओळ क्रिप्टोत जितकी वापरली जाते तितकीच ती संशयाने वाचली जाते. 13 सप्टेंबर 2021 रोजी वॉलमार्ट लाइटकॉइन हे क्रिप्टो नाणं स्वीकारणार, असं खोटं प्रसिद्धिपत्रक फिरलं. भाव उसळला, आणि लाइटकॉइनच्या अधिकृत खात्यावरूनही ती बातमी पुढे ढकलली गेली. नंतर ती काढून टाकावी लागली. स्वतःच्या भागीदारीची बातमी स्वतःच बाहेरून कळून घेऊन पुढे पाठवावी, इतकी घाई ज्या कामात असते, त्या कामाची पद्धतच बदलायला हवी.

उद्योगांसाठी ब्लॉकचेन बनवणाऱ्यांची चूक वेगळ्या जातीची असते. जहाजवाहतूक कंपनी मर्स्क आणि आयबीएमचं ट्रेडलेन्स, मालवाहतुकीच्या कागदपत्रांसाठीचं ब्लॉकचेन, 2018मध्ये मोठ्या नावांसह आलं आणि नोव्हेंबर 2022मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं. संपूर्ण उद्योगाचं हवं तितकं सहकार्य मिळालं नाही, असं कारण दिलं गेलं. तंत्रज्ञान खोटं नव्हतं. पण सहभागींची नावं मोजणारी घोषणा आणि रोज किती कागदपत्रं या साखळीवरून जातात हे सांगणारा मजकूर, यांतला दुसरा ग्राहकाला निर्णय घ्यायला मदत करतो. तुमच्याकडे घोषणेला नाव आहे पण दाखवायला वापर नाही, तर घोषणा थांबवा. वापर आहे पण नाव नाही, तर त्या वापरावर सविस्तर केस स्टडी लिहा; ग्राहकाचं नाव न घेताही ती लिहिता येते.

लेखांचा ढीग की मोजकी पानं

इथे फार बोलण्यासारखं नाही. पैशांवर परिणाम करणारा मजकूर गुगल अधिक कडक निकषांवर तपासतो, आणि केवळ सर्चमध्ये वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात काढलेल्या पानांना मार्च 2024पासून उघडपणे स्पॅम धरतो. 'ब्लॉकचेन म्हणजे काय' या विषयावर हजारो पानं आधीच पडली आहेत. त्यात तुमचं आणखी एक घालून काय साधणार? तुमच्याच साखळीवर व्यवहार अडकला तर काय करायचं, हे मात्र तुमच्याशिवाय कुणी लिहू शकत नाही.

आणि पानं जितकी जास्त, तितकी शिळी होण्याची भीती मोठी. मर्जनंतरही 'इथरचं मायनिंग कसं करावं' हे पान तसंच राहिलं असेल, तर त्यावर विसंबून कुणी यंत्रं विकत घेऊ शकतो. प्रत्येक पानावर शेवटच्या तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव हवं. ज्या पानाला नाव द्यायला कुणी तयार नाही, ते काढून टाका.

गजबजलेला ग्रुप की शांत संकेतस्थळ

टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर माणसं जमतात हे खरं, आणि सुरुवातीच्या दिवसांत वापरणाऱ्यांचे प्रश्न तिथेच कानावर पडतात. अडचण अशी की तिथे दिलेलं उत्तर तासाभरात वाहून जातं, आणि ठगही तिथेच मदतनीस बनून बसलेले असतात. खुद्द एसईसीचं एक्सवरचं खातं 9 जानेवारी 2024 रोजी चोरट्यांच्या हाती गेलं आणि बिटकॉइन ईटीएफला (शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या बिटकॉइन फंडाला) मंजुरी मिळाल्याची खोटी पोस्ट त्यावरून पडली. म्हणून ग्रुपमध्ये तिसऱ्यांदा विचारला गेलेला प्रश्न संकेतस्थळावरचं पान झालाच पाहिजे. आपली अधिकृत खाती आणि स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचे (साखळीवर आपोआप चालणाऱ्या कोडचे) पत्ते एकाच ठिकाणी लिहून ठेवा. आपला माणूस कधीही सीड फ्रेज मागणार नाही, हे पहिल्या भेटीतच वाचकाला सांगा.

बिघाडाच्या वेळी तर शांत संकेतस्थळच कामाला येतं. सप्टेंबर 2021मध्ये सोलाना हे ब्लॉकचेन सुमारे 17 तास बंद पडलं, तेव्हा बॉटच्या व्यवहारांचा लोंढा कसा आला आणि साखळी पुन्हा कशी सुरू केली, याचा लेखी वृत्तांत प्रसिद्ध झाला. असा वृत्तांत वाचून डेव्हलपरला कळतं की आपण कशावर बांधतोय. बिघाडाबद्दल गप्प राहणारी टीम त्याला पुढच्या बिघाडातही गप्पच राहील असं वाटतं.

तुमचा प्रकल्प कोणता?

डेव्हलपरसाठीची साखळी किंवा साधन असेल तर पहिले सहा महिने जवळजवळ सगळा पैसा डॉक्युमेंटेशन आणि चालणाऱ्या उदाहरणांवर लावा. ओपनझेपेलिन या ब्लॉकचेन सुरक्षा कंपनीने 'एथरनॉट' हा खेळ काढला, ज्यात सदोष स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट फोडत फोडत सुरक्षा शिकायची असते. डेव्हलपरला जाहिरातीपेक्षा असा धडा जास्त ओढतो.

वॉलेट किंवा एक्सचेंज असेल तर दोन्ही याद्यांतलं थोडं थोडं लागेल, पण क्रम पाळा: आधी मदतीची पानं, मग मोहीम. कॉइनबेसने फेब्रुवारी 2022मधल्या सुपर बोलमध्ये फक्त एक तरंगता क्यूआर कोड दाखवला आणि लोक इतके धावून आले की त्यांचं पान काही काळ उघडेना. कॉइनबेसला ते झेपलं. छोट्या प्रकल्पाला अशी दुसरी संधी मिळत नाही.

युरोपात टोकन विकायचं असेल तर निवड बरीचशी कायद्यानेच केली आहे. 30 डिसेंबर 2024पासून पूर्ण लागू झालेल्या मायका या युरोपीय संघाच्या क्रिप्टो नियमांनुसार व्हाइटपेपरमध्ये टोकनच्या भावी किमतीचे दावे करता येत नाहीत, टोकनचं मूल्य पूर्ण बुडू शकतं हे लिहावं लागतं, आणि जाहिरातीतला मजकूर व्हाइटपेपरशी जुळावा लागतो. त्यामुळे लेखक आणि वकील यांना पहिल्या मसुद्यापासून एकत्र बसवा; मजकूर तयार झाल्यावर वकिलाकडे पाठवला की तो फक्त वाक्यं खोडतो.

एअरड्रॉपवर उभा राहणारा प्रकल्प असेल, तर एक हिशेब आधी करा. युनिस्वॅप या टोकन अदलाबदलीच्या सेवेने सप्टेंबर 2020मध्ये पूर्वीच्या वापरकर्त्यांना किमान 400 यूएनआय (तिचं स्वतःचं टोकन) दिले, पण ती माणसं आधीपासून ती सेवा वापरत होती. बक्षिसाच्या आशेने शंभर वॉलेट उघडून बसलेला माणूस तुमच्या अहवालात शंभर वापरकर्ते म्हणून मोजला जातो. टोकन वाटल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात किती पत्ते अजून व्यवहार करताहेत, हा आकडा तुम्ही जाहीर करायला तयार आहात का? तयार असाल तर एअरड्रॉप करा. नसाल तर ती रक्कम एका चांगल्या लेखकाला आणि एका सपोर्टच्या माणसाला वर्षभर द्या, आणि दोघांना शेजारी शेजारी बसवा.