43 इंची टीव्ही, 14 महिने आणि खालची चार बोटं

कंपनीचं नाव लिहीत नाही. ग्राहक मंचात जाईन अशी धमकी देऊन झाली आणि गेलो नाही, त्यामुळे आता नाव घ्यायला तोंड नाही. दसऱ्याच्या ऑफरमध्ये नाशिकच्या कॉलेज रोडवरून 24,500 ला घेतला. 43 इंची, फोर-के. पोर्ट किती, एचडीआर कुठलं, हे सगळीकडे लिहिलेलं सापडेल. रिमोट बरा आहे. आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो. साउंडबार घ्या म्हणून दुकानदार मागे लागला होता, पण आम्ही जे बघतो त्यातलं अक्षर कळत नाही, मग सहा हजार कशाला घालायचे?

आम्ही बघतो ते डॅनिश, स्वीडिश, आइसलँडिक. खून नाहीतर राजकारण. रात्री नऊ ते साडेदहा, मुलीच्या अकाउंटवर, इंग्रजी सबटायटल लावून. मराठी मालिका हिनेच बंद केल्या. एकच साखरपुडा तीन आठवडे चालला, त्या दिवशी.

सुरुवातीला मी सबटायटल मोठ्यांदा मराठीत सांगायचो. हिला इंग्रजी येतं, पण दोन ओळी पुऱ्या वाचून व्हायच्या आत त्या जातात. दहाव्या दिवशी म्हणाली, "अहो, तुम्ही बोलता तेव्हा ती माणसं काय बोलतात ते ऐकू येत नाही." तेव्हापासून मी गप्प. आणि तिचं खरं निघालं. 'द ब्रिज'मध्ये डेन्मार्क आणि स्वीडन जोडणाऱ्या पुलावर, बरोबर सीमारेषेवर प्रेत सापडतं. अर्धं एका बाईचं, अर्धं दुसरीचं. मग दोन्ही देशांचे पोलीस एकत्र तपास करतात, आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेतच बोलतो. सबटायटल मात्र सगळ्यांचं एकाच पांढऱ्या इंग्रजीत. कोण डॅनिश, कोण स्वीडिश, मला पत्ता नाही. हिला तिसऱ्या एपिसोडला कळायला लागलं. "तोंडात पान धरून बोलतो तो डॅनिश." मी बारकाईने ऐकलं. तसंच आहे.

'बोर्गन' आमच्या घरात सगळ्यात जास्त चाललं. कोपनहेगनच्या ज्या राजवाड्यात संसद भरते त्याचं हे बोलीतलं नाव, अर्थ गढी किंवा किल्ला. 179 जागांची संसद, बहुमताला 90, आणि एकट्या पक्षाला तेवढ्या मिळायची मारामार. म्हणून मधल्याच एका पक्षाची बिर्गिटे न्यूबोर्ग नावाची बाई पंतप्रधान होते. 288 आणि 145 चा हिशेब आणि 2019 चा पहाटेचा शपथविधी ज्याने घरबसल्या पाहिलाय, त्याला हे शिकवावं लागत नाही. कोणतं खातं कुणाला यावरून रात्रभर ताणाताणी सुरू झाली की ही सरळ म्हणायची, "आपलंच आहे, फक्त घरं चकाचक." मालिका आली 2010 साली. डेन्मार्कला खरी महिला पंतप्रधान मिळाली 2011 च्या ऑक्टोबरात, म्हणजे मालिकेच्या मागाहून. त्यांच्याकडे पंतप्रधानाला 'स्टॅट्समिनिस्टर' म्हणतात. पहिले दोन एपिसोड मी तिला राज्यमंत्रीच समजत होतो आणि एवढी गर्दी मागे का फिरते म्हणून चकित होतो. 'ताक' म्हणजे आभार. जेवताना ताकाचा पेला पुढे केला की आमच्याकडे आता दोनदा ताक म्हणतात.

इथवर टीव्हीला पाचपैकी पाच द्यायला हरकत नव्हती. फक्त एक खोट. उत्तरेकडच्या या मालिका भयंकर काळोख्या. दिवे लावायला यांचे हात का दुखतात कोण जाणे. तळघर, पार्किंग, पावसातलं जंगल, त्यात काळा कोट घातलेला माणूस. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांचा उजेड, 100 वर नेला आणि तिथेच ठेवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. जानेवारीत 'ट्रॅप्ड' लावलं. आइसलँडचं बंदराचं गाव, बोट आलेली, समुद्रात मुंडकं नसलेलं धड सापडलेलं, आणि हिमवादळाने रस्ते बंद. बाहेर निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या, आम्ही दोघं गोधडीत, आणि पडद्यावर पांढऱ्या बर्फावर पांढरी सबटायटल! अर्धा तपास न वाचता गेला. शेवटी सेटिंगमध्ये अक्षरांमागे काळी पट्टी लावायची सोय सापडली. ती अजून तशीच आहे.

आता मूळ दुखणं. वॉरंटी एक वर्षाची. ती संपून 19 दिवस झाले आणि एका रात्री पडद्याचा खालचा भाग विझला. साधारण 53 सेंटिमीटर उंचीच्या पडद्यात तळाची चार बोटं काळीकुट्ट, त्यावर वीतभर संधिप्रकाश. बाकी चित्र उत्तम. दुसऱ्या कुठल्या घरात महिनाभर लक्षात आलं नसतं. क्रिकेटमध्ये खाली काय, गवत. आमचं मात्र सगळं घरच त्या चार बोटांवर चालतं. दोन ओळींचं सबटायटल असलं की वरची ओळ अंधुक दिसायची, खालची गुडूप. त्या रात्री मी आजवर दिल्या नसतील तेवढ्या शिव्या दिल्या. साक्षीदार बोलतो, वरच्या ओळीत 'त्या रात्री मी त्याला पाहिलं, पण' एवढं वाचायचं, आणि पुढचं काळोखात. खुनी नेहमी दुसऱ्या ओळीत.

टोल फ्री नंबरवर मुलगी म्हणाली, "सर, फिल्म में नीचे काली पट्टी आती ही है." तिला वरती तशी पट्टी नाही हे समजावण्यात 22 मिनिटं गेली. मग फोटो पाठवा. पाठवला. फोटोत चित्र छान आलंय असं उत्तर आलं. चौथ्या दिवशी माणूस आला, विशीतला पोरगा, नम्र. त्याने मॅच लावली.

"काका, चित्र तर एक नंबर आहे."

"खाली बघ."

"खाली काय असतं काका? बातम्यांची पट्टी."

मी बोर्गन लावून दाखवलं. तो दोन मिनिटं उभ्याने बघत राहिला.

"कुठली भाषा?"

"डॅनिश."

"तुम्हाला येते?"

"नाही."

"मग...?" एवढंच म्हणून त्याने कागद काढला. पॅनेल बदलावं लागेल, 15,800. वर भेटीचे 450. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून म्हणाली की वाढीव वॉरंटी 1,899 ला मिळत होती. मला आठवण होती. दर दिवाळीला होणार आहे.

दोन आठवडे जुगाडावर काढले. लॅपटॉप वायरने जोडून ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये चित्र चारी बाजूंनी आक्रसून घेतलं, म्हणजे सबटायटल वर सरकली. 43 इंचाचा टीव्ही 32 चा झाला. वायर हॉलमधून आडवी. पहिल्याच दिवशी दूधवाला अडखळला.

शेवटी शालिमारजवळच्या गल्लीत एक जुना मेकॅनिक सापडला. टीव्ही रिक्षात मांडीवर घेऊन गेलो, खड्डे मोजत. त्याने ब्लँकेटवर टीव्ही पालथा घातला, पाठ उघडली, पॅनेल दोघांनी मिळून काचेच्या ताटासारखं उचलून बाजूला ठेवलं. आत एलईडीच्या चार लांब पट्ट्या, प्रत्येक दिव्यावर बटणाएवढं भिंग. सगळ्यात खालची मेलेली. पॅनेलला काहीही झालेलं नव्हतं! 15,800 कशाचे मागत होते ते तुम्हीच समजा. मी पुन्हा कंपनीला शिव्या द्यायला सुरुवात केली तर तो म्हणाला, "बॅकलाइट कितीवर असतो?"

शंभर, म्हणालो.

"रोज?"

रोज.

त्याने नुसती मान हलवली. 100 वर दिवे तापतात, लवकर जातात, 50 ते 60 वर ठेवायचा असतो. म्हणजे माझ्या सगळ्या संतापातला अर्धा वाटा कोपनहेगनच्या तळघरांचा आणि माझा. हे इथे लिहितोय, घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. कंपनीचा एक तारा मी कापला होता, त्यातला अर्धा परत देतो. उरलेला अर्धा पॅनेल बदला म्हणणाऱ्या त्या कागदाचा.

चारही पट्ट्या बदला, 2,600, असं त्याचं म्हणणं. एकच बदलली तर 900, पण रंगात फरक पडेल. रंगात फरक म्हणजे किती असणार, असा विचार करून मी 900 दिले.

आता वरचा तीन चतुर्थांश पडदा जुना, किंचित पिवळसर, आणि खालचा पांढराशुभ्र निळसर. सबटायटल नीळ घातलेल्या धोतरासारखी चमकतात. पहिल्या रात्री ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वाचता येतंय पण." खरं तर आधीपेक्षा चांगलं वाचता येतंय, बर्फातसुद्धा. फक्त माणसं बसली की त्यांच्या पायांचा रंग वेगळा दिसतो, आणि बोर्गनमधली माणसं सारखी बसलेली असतात.

उरलेल्या तीन पट्ट्याही शंभरावरच तापलेल्या आहेत, कधी जातील सांगता येत नाही, असं मेकॅनिक म्हणालाय. 2022 ला आलेला बोर्गनचा चौथा सीझन, ग्रीनलँडच्या तेलाचा, 8 एपिसोडचा, कालच सुरू केला. रोज एकच. बॅकलाइट 55, आणि बाल्कनीचे पडदे नीट ओढून.