बारा ग्रॅमची चूल आणि तिचा आडोसा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

शीतपेयाच्या दोन रिकाम्या कॅनमधून मी जो स्पिरिटचा स्टोव्ह केला, तो काट्यावर बारा ग्रॅम भरतो. आठ महिने आणि मुक्कामाच्या एकवीस रात्री असा स्टोव्ह माझ्या सॅकमध्ये आहे. सुरुवातीचा दीड महिना मी नको त्या गोष्टीत घालवला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. भोकं सोळा ठेवावीत की चोवीस, भिंत आणखी दोन मिलिमीटर उतरवता येईल का, यातच मी अडकले होते. इंधन खरं वाचलं ते स्टोव्हभोवतीच्या आडोशाने आणि भांड्याच्या तळाने.

स्टोव्ह म्हणजे दोन कॅनचे कापलेले तळ, एकात एक बसवलेले. करायला एक संध्याकाळ पुरते. कॅन कात्रीने कापू नका. पत्रा अगदी पातळ असतो, कड करवतीसारखी होते आणि बोटं कापतात. जाड पुस्तकाच्या पानांत ब्लेड हव्या त्या उंचीवर धरायचं आणि कॅन त्याला टेकवून हळूहळू फिरवायचा. आठ-दहा फेऱ्यांत बारीक चर पडते. मग अंगठ्याने चरीच्या खाली दाबलं की टचकन आवाज येतो आणि पत्रा चरीवरून सरळ सुटतो. कड पॉलिशपेपरने घासून घ्यायची. एक तळ दुसऱ्यात बसवताना माझे पहिले तीन नग फाटले. उपाय सोपा निघाला: न उघडलेला भरलेला कॅन बाहेरच्या तळात दाबून काढायचा. कड केसभर रुंदावते आणि आतला तळ न फाटता सरकतो.

दोन्ही तळांच्या मध्ये पत्र्याची एक गोल पट्टी उभी राहते. तिला खाली दोन-तीन खाचा ठेवायच्या. मधल्या खळग्यात ओतलेलं स्पिरिट या खाचांतून दोन भिंतींमधल्या पोकळीत जातं, तिथे तापून त्याची वाफ होते आणि ती कडेच्या भोकांतून बाहेर पडून पेटते. स्पिरिटमधलं मुख्य इंधन म्हणजे इथेनॉल, ते ७८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून ज्योतीची थोडी ऊबही त्याला पुरते. पण ही ऊब आधी द्यावी लागते. प्रायमसला काकडा लावून बर्नर तापवताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे लगेच कळेल. इथे काकड्याचं काम मधल्या खळग्यातली ज्योतच करते: अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं, कडेच्या भोकांवर निळे ठिपके एकेक करून उमटतात, सोळाही पेटले की भांडं ठेवायचं. त्याआधी ठेवलं तर सगळं गारठून विझतं. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा उघड्यावर पेटवा. कॅनच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो जळताना उग्र वास येतो.

आता भांड्याचं. माझ्याकडे साडेसातशे मिलीचा उंच, अरुंद मग होता. या स्टोव्हच्या ज्योती बाहेरच्या बाजूला फाकतात. अरुंद मगाखाली त्या तळाला न लागता अंगावरून सरळ वर निघून जायच्या. पाण्याआधी मगाचा कान तापायचा. मग मी रुंद, बसक्या पातेल्यावर आले. पातेलं मगापेक्षा तीस ग्रॅम जड आहे, तरी अर्ध्या लिटरमागे चार-पाच मिली स्पिरिट कमी लागतं. तुमच्याकडे अरुंद मगच असेल तर कडेला भोकं असलेला स्टोव्ह करू नका. नुसत्या उघड्या डब्यासारखा, मध्ये एकच ज्योत असलेला करा. तो सावकाश तापवतो, पण ज्योत तळाखालीच राहते.

आडोशाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. बंद गच्चीत, वारा नसताना, झाकण ठेवून अर्धा लिटर पाणी वीस मिलीत आणि आठ मिनिटांत उकळलं. हाच प्रयोग मी उघड्या पठारावर, गालाला जेमतेम जाणवेल एवढ्या झुळकीत केला. पस्तीस मिली जळून गेलं तरी पाण्याला नुसते बारीक बुडबुडे आले होते. अर्धा लिटर पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला साधारण १६७ किलोज्यूल उष्णता लागते आणि वीस मिली शुद्ध इथेनॉल सव्वाचारशेच्या आसपास देतं. वारा पडलेला असतानाही निम्म्याहून जास्त उष्णता हवेत जात होती. वाऱ्यात तर जवळजवळ सगळीच.

आडोसा मी बेकिंगच्या ॲल्युमिनियम ट्रेमधून कापला: बारा सेंटिमीटर उंच, अर्धा मीटर लांब, वजन सोळा ग्रॅम. वरची आणि खालची कड दुमडून घेतली, नाहीतर पट्टी उभी राहत नाही. खालच्या बाजूला कागदाच्या पंचिंग मशीनने भोकं पाडली, ती अर्ध्याच लांबीत, म्हणजे बिनभोकांची बाजू वाऱ्याकडे करता येते. पातेलं आणि पत्रा यांत साधारण बोटाएवढी जागा हवी. मी एकदा जास्त आवळून लावला, तर स्टोव्हच इतका तापला की स्पिरिट भसाभस उकळून ज्योती पिवळ्या पडल्या आणि निम्म्या वेळात सगळं संपलं. नीट बसवल्यावर त्याच पठारावर बावीस मिलीत काम झालं. मात्र गॅसच्या डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हला असा चहूबाजूंनी आडोसा कधीही लावू नका. डबा तापून फुटू शकतो.

चौथ्या सहलीतली गोष्ट. भर दुपार होती, पाणी उकळत आलं होतं आणि स्टोव्ह विझला असं मला वाटलं. इथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही हे मला ठाऊक होतं, तरी घाईत मी हात वर धरून ऊब बघितली नाही. बाटली तिरकी करताच ज्योत धारेवरून वर चढली. बाटली हातातून टाकली, गवत पेटलं, मैत्रिणीने पातेल्यातलं पाणी त्यावर ओतलं म्हणून थोडक्यात निभावलं. माझ्या मनगटाच्या मागचे केस गेले आणि दोन बोटांवर फोड आले. तेव्हापासून स्टोव्ह विझला असं वाटलं की त्यावर मोठा डबा पालथा घालून मी मनात शंभर मोजते, गार झाल्यावरच पुन्हा भरते, आणि बाटलीतून थेट कधीच नाही, आधी मापाच्या टोपणात. जमीनही हातभर साफ करते. वणव्याची भीती असलेल्या अनेक जंगलांत इंधन बंद करायची झडप नसलेला स्टोव्ह चालत नाही, आणि त्या दुपारनंतर तो नियम मला पूर्ण पटतो. तंबूच्या आत तर पेटवूच नये. आगीइतकीच भीती कार्बन मोनॉक्साइडची आहे.

इंधन विकत घेताना त्यात मिथेनॉल किती आहे ते वाचा. ते विषारी आहे, त्याने दृष्टी जाते, आणि उष्णताही इथेनॉलपेक्षा कमी देतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल पेटतं खरं, पण पातेलं काजळीने काळं होतं. बाटली पाण्याच्या बाटलीसारखी दिसणार नाही अशीच घ्या. थंडीत स्पिरिट पेटायला कुरकुर करतं, तेव्हा बाटली अर्धा तास जॅकेटच्या आत ठेवली की पुरतं.

आणखी एक वस्तू मी केली आणि ती प्रत्येक वेळी वापरते: गाडीच्या काचेला लावतात त्या चकचकीत बुडबुड्यांच्या पडद्यातून पातेल्याच्या मापाची टोपी. उकळी आली की स्टोव्ह संपू द्यायचा, पातेलं टोपीत घालायचं आणि वीस मिनिटं विसरायचं. पुढचं शिजणं साठलेल्या उष्णतेवरच होतं. मंद आच या स्टोव्हला जमत नाही, ती उणीव टोपीने भरून निघाली.

आता गॅस की स्पिरिट? माझा स्टोव्ह, आडोसा आणि रिकामी बाटली मिळून पन्नास ग्रॅम. मैत्रिणीचा गॅस स्टोव्ह आणि रिकामा डबा मिळून एकशेऐंशी. पण गॅसमध्ये वजनामागे इथेनॉलच्या दीडपटीहून जास्त उष्णता असते. मला अर्ध्या लिटरला सोळा ग्रॅम स्पिरिट लागतं, तिला आठ ग्रॅम गॅस. म्हणजे सोळाएक उकळ्यांनंतर माझी बचत संपते. दिवसाला तीन उकळ्या धरल्या तर पाच दिवसांपर्यंत माझी सॅक हलकी, त्यापुढे तिची. बर्फ वितळवायचा असेल तर मी एका दिवसासाठीही स्पिरिट नेणार नाही.

स्टोव्ह आता दुसरा आहे. पहिला सॅकमध्ये चेपला. तो पातेल्यात ठेवायचा हे तेव्हा सुचलं नव्हतं. आडोसा अजून तोच आहे, घड्यांवर दोन ठिकाणी चिरला आहे. पुढच्या सहलीआधी त्याच मापाचा नवा कापून ठेवला आहे, या वेळी उंची एक सेंटिमीटर वाढवून.