दोन रमा, एक येसूबाई आणि नऊ वार लुगडं

नातीला गॅदरिंगमध्ये येसूबाई व्हायचं होतं, म्हणून मे महिन्यात तिच्यासोबत 'स्वराज्यरक्षक संभाजी' पुन्हा बघायला घेतली. त्या नादात 'उंच माझा झोका'ही झाली. दूरदर्शनवरची 1987 सालची 'स्वामी' तर मनात आहेच. गेली तीस वर्षं मी हौशी नाटकांना आणि शाळांना नऊवारी नेसवून देते. त्यामुळे माझी नजर आधी ओच्याकडे जाते, संवाद नंतर.

'स्वामी' आजच्या मानाने अगदी साधी. पण रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देवची रमा घरात वावरतात तशी वावरायची. उठताना पदर सावरणं, बसताना निऱ्या गुडघ्याखाली घेणं, हे अंगवळणी पडलेलं दिसायचं. राजयक्ष्म्याने (क्षयाने) खंगत 1772 मध्ये थेऊरला वारलेला 27 वर्षांचा पेशवा मंकणींनी आवाज न चढवता उभा केला. खटकली ती एकच गोष्ट: कथेत रमाबाईंच्या सती जाण्याला मिळालेलं तेज. त्याच 1987 च्या सप्टेंबरात राजस्थानात देवराळ्याला रूपकंवर सती गेली. त्यानंतर थेऊर आठवलं की माझ्या पोटात गोळाच येतो.

तिन्हींत माझी आवडती 'उंच माझा झोका'. तिथेही माधवराव आणि रमाच, पण हे न्यायमूर्ती रानडे. पाटीवर अक्षरं गिरवणारी छोटी तेजश्री वालावलकर आणि पुढे स्पृहा जोशी, दोघी छान. शिकणाऱ्या सुनेला घरातल्या बायका टोमणे मारतात, ते रमाबाईंच्या आठवणींत आहे तसं बोचतं. बायकांना वाईट न ठरवता त्यांची भीतीही कळते, हे या मालिकेचं खरं यश. पण एक हिशेब तिने गोडीत बुडवला. 1873 मध्ये लग्न झालं तेव्हा नवरी 11 वर्षांची, नवरा 31 चा. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली, त्याबद्दल सुधारकांनीच त्यांना बोल लावला. मालिका बघताना मात्र आपण 'किती गं गोड!' म्हणत राहतो.

'संभाजी'चे उपकार मानायला हवेत. नाटकांनी रंगवलेला व्यसनी युवराज खोडून काढायला इतिहासकार वा. सी. बेंद्र्यांनी कित्येक वर्षं कागदपत्रं धुंडाळली. ते काम घराघरांत नेलं ते अमोल कोल्ह्यांनी. येसूबाईंच्या शिक्क्यातलं 'श्री सखी राज्ञी जयति' नातीला पाठ आहे, आणखी काय हवं? पण सोयराबाई आल्या की महाल जाऊन सासू-सुनेच्या मालिकेचा दिवाणखाना होतो. एकेका धक्क्याला प्रत्येकाचा चेहरा, वर ढणढण संगीत. त्यात अर्धा भाग जातो.

आता कपड्यांचं बोलते, नाहीतर मी कशाला लिहायला बसले असते! हल्लीच्या शिवकाळातल्या मालिकांत ठसठशीत राणी आणि पोपटी रंग दिसले की हसू येतं. रसायनातून पहिला रंग निघाला 1856 मध्ये. त्याआधी मंजिष्ठा, नीळ, हळद, लाख. ते रंगही गडद व्हायचे, पण त्यांना हा प्लास्टिकचा चकचकीतपणा नव्हता. कुंकू मेणावर लावायचं असायचं, टिकली चिकटवायची नव्हे. चोळीला पुढे गाठ, मागे हुक नाहीत. आणि कुणाचंच लुगडं धुऊन विटलेलं का नसतं? दासीच्याही अंगावर कोऱ्या इस्त्रीची घडी.

एका मालिकेच्या युनिटने मला दोन दिवस बोलावलं होतं. नाव सांगत नाही. जाऊन बघते तर सगळ्या नऊवाऱ्या शिवलेल्या, कमरेला चेन. मी म्हटलं, "ह्यात मांडी घालून बसता येईल का?" तर मुलगा म्हणाला, "काकू, बसायचा सीन नाहीये." दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही.

नातीच्या बाई परवा म्हणाल्या, शिवलेली आणली तरी चालेल, पटकन होईल. मी ट्रंकेतलं आईचं इरकली लुगडं काढून उन्हात टाकलंय. नात दोनदा निऱ्या सोडून बसलीये, पण कासोटा आता तिचा तिला जमतो.